नखाच्या मुळाशी वाहतं रक्त: हात हलतोय, चित्र टिकतंय

तीन आठवड्यांनी नोंद टाकतोय, कारण काल रात्री सूक्ष्मदर्शकातून अखेर रक्त वाहताना दिसलं! अनामिकेच्या नखाच्या मुळाशी केसांच्या पिनांसारख्या वळलेल्या केशवाहिन्या, म्हणजे सर्वांत बारीक रक्तवाहिन्या, ओळीनं उभ्या, आणि त्यातल्या एकीत बारीक दाणे पुढे सरकताहेत. बराच वेळ नुसता बघत बसलो.

त्वचेवर तेलाचा थेंब आणि उजेडाला हिरवा एलईडी, हे पूर्वीचंच. तेलानं त्वचेची चमक मरते, आणि हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश शोषत असल्यामुळे केशवाहिन्या काळ्या उठून दिसतात.

अडत होतं ते हालचालीपाशी. मी सूक्ष्मदर्शक स्टँडला आवळायचो, बोट टेबलावर टेकवायचो, श्वासही रोखून धरायचो. तरी चित्र मधूनमधून धूसर व्हायचंच. शेवटी व्हिडिओ एकेक फ्रेम करून पाहिला तेव्हा उलगडा झाला. बोट आडवं सरकलं तर फ्रेमा नंतर सॉफ्टवेअरमध्ये जुळवता येतात. पण ते वर-खाली झालं की फोकसच जातो, आणि त्या फ्रेमचं पुढे काहीच करता येत नाही.

म्हणून स्टँड काढूनच टाकला. सूक्ष्मदर्शकाच्या तोंडाला प्लास्टिकची कडी बसवली, ती थेट त्वचेवर टेकते. आता बोट उचललं की सूक्ष्मदर्शकही सोबत उचलला जातो, अंतर बदलत नाही. फक्त हात हलका हवा. एक अख्खी संध्याकाळ मी फोकस शोधत होतो आणि वाहिन्या दिसतच नव्हत्या. माझ्याच दाबानं त्यांतलं रक्त बाजूला गेलं होतं. कडी जरा सैल केली आणि दोन-तीन सेकंदांत त्या परत भरल्या.

दुसरा बदल एक्स्पोजरचा, म्हणजे एका फ्रेमसाठी कॅमेरा किती वेळ प्रकाश घेतो त्याचा. रक्तातली लाल पेशी जेमतेम 7-8 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ती सेकंदाला अर्धा मिलिमीटर सरकत असेल, तर 1/30 सेकंदात 17 मायक्रॉन जाते, म्हणजे स्वतःच्या दुप्पट लांब रेघ. 1/500 वर तीच 1 मायक्रॉन. प्रकाश मात्र भरपूर लागतो, आणि एलईडी तापतो, तेव्हा सलग फार वेळ लावू नका.

आज आईच्या बोटावर लावून पाहिलं. तिचा हात थरथरतो, म्हणून ती आधी नकोच म्हणत होती. "हात सैल सोड, आई, धरून ठेवू नकोस," म्हटलं. चित्र डावी-उजवीकडे डोललं, पण 20 सेकंद धूसर झालं नाही. आता त्या फ्रेमा जुळवायला बसतोय.