गगनबावडा राईड आणि तुटलेलं क्लच लिव्हर

गेल्या रविवारी पहाटेच रंकाळ्यावरनं निघालो, फुलेवाडी, बालिंगा, कळे, साळवण करत गगनबावडा, साधारण ५५ किलोमीटर. साळवणच्या पुढं धुकं एवढं की पुढच्या गाडीची टेललाईट दिसंना. पावसात जाणाऱ्यांनी एकच करा, पाय टेकायच्या आधी शेवाळ बघा. मी नाही बघितलं. भुईबावडा घाटाच्या तोंडाला गाडी उभी करताना पाय सरकला आणि गाडी डावीकडं आडवी, ती पण थांबलेली, म्हणजे सांगायची पण लाज.

क्लच लिव्हरच्या टोकाची गोळी उडाली, राहिलं ते सुरीसारखं. ती गोळी काय शोभेला नसते भावांनो, पडल्यावर टोक हातात नाहीतर मांडीत घुसू नये म्हणून असते. एफआयएम म्हणजे मोटारसायकल रेसिंगची जागतिक संघटना, तिच्या नियमात या गोळीचा व्यास कमीत कमी १६ मिलिमीटर लागतो. टोकाला रुमाल गुंडाळला, टपरीवरल्या मावशींनी सुतळी दिली, तसाच घरी आलो.

खरी गंमत नंतर. एका दुकानदारानं 'सगळ्या गाड्यांना बसतंय' म्हणून रंगीत शॉर्ट लिव्हरची जोडी गळ्यात मारली. ब्रेकचं बसवलं तर मागचा ब्रेक लाईट विझंना, पुढचं चाक उचलून फिरवलं तर जड. लिव्हर सोडलं तरी मास्टर सिलेंडरचा, म्हणजे लिव्हरजवळच्या ब्रेक ऑईल ढकलणाऱ्या पंपाचा, पिस्टन दाबलेलाच राहत होता. असं चालवलं की डिस्क तापते, ब्रेक ऑईल तापून फुगतं आणि ब्रेक आपोआप आणखी घट्ट धरतो. घाटात हे झालं असतं तर चाकच जाम. दुसऱ्या दिवशी परत केलं, कंपनीचंच आणलं.

तर जुनं लिव्हर हातात घेऊनच दुकानात जा. बोल्टचं भोक, जाडी, केबलच्या निप्पलची (टोकाच्या गोळीची) खाच, ब्रेकचं असेल तर पिस्टनला आणि स्विचला टेकणारा भाग, सगळं शेजारी धरून बघा, रंग नंतर. बसवल्यावर लिव्हर आपसूक मागं यायला पाहिजे. क्लचला टोकाशी साधारण १० ते २० मिलिमीटर प्ले, म्हणजे केबल ताणायच्या आधीची मोकळी हालचाल, ठेवा, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. वाकलेलं ठोकून सरळ करू नका, ॲल्युमिनियमला चीर जाते आणि ऐन वेळी हातात येतं. हँडलवरचा क्लँप पण मरणाचा आवळू नका, पडल्यावर लिव्हर जरा फिरलं तर वाचतं.

सीटखाली आता जादा क्लच लिव्हर आणि केबल असते, आणि १० नंबरचा पाना. त्या दिवशी लिव्हर असतं तरी पाना कुठं होता माझ्याकडं.