जर्मनीला जायचं की नाही, आणि हिशोब नेमका कुणाचा

दिवाळीपासून आमच्या घरात एकच विषय चालू आहे, जर्मनी. मी गाड्यांमधल्या कंट्रोल युनिटचं सॉफ्टवेअर लिहिते, हिंजवडीला, आणि कंपनीनं स्टुटगार्टजवळच्या ऑफिसमध्ये जागा देऊ केलीये. ऑनसाइट नाही, म्हणजे वर्षभर राहून परत यायचं असलं काही नाही, तिथलंच काँट्रॅक्ट, तिथलाच पगार, तिथलाच टॅक्स. नवरा वकील आहे, शिवाजीनगर कोर्टात दिवाणी कामं करतो. मुलगी दुसरीत. सासूबाई आमच्याकडेच असतात आणि माझे आईबाबा कराडला दादा-वहिनींबरोबर. एवढी माणसं आधीच सांगितली कारण पुढचं सगळं त्यांच्याबद्दलच आहे.

असं काही आलं की जो तो सांगतो, कागद घे, मधे रेघ मार, एकीकडे फायदे लिही एकीकडे तोटे. आम्ही पण लिहिले. आणि ती यादी बघताना मला सारखं खटकत राहिलं की डावीकडे लिहिलंय मुलीचं शिक्षण आणि उजवीकडे लिहिलंय सासूबाई एकट्या पडतील, आता हे एकातून एक वजा कसं करायचं? मुलीला जे मिळणार ते दहा वर्षांनी मिळणार आणि सासूबाईंचं जे जाणार ते आम्ही विमानात बसलो त्या दिवसापासून जाणार. घेणारा एक आणि भरणारा भलताच. म्हणून मी ती यादी सोडून दिली आणि घरातल्या प्रत्येकाच्या नावाचं एकेक पान केलं, त्याला काय मिळतं, त्याचं काय जातं. माझ्या ऑफिसात, सोसायटीत, नात्यात इतके जण सध्या ह्याच विचारात आहेत म्हणून सविस्तर लिहितेय.

माझं पान सगळ्यात सोपं. काम तेच, पण इथे आम्ही ठरलेल्या गोष्टी करून देतो आणि तिथे त्या ठरतात, हा फरक मला गेली काही वर्षं फार जाणवतोय. ब्लू कार्ड, म्हणजे शिकलेल्या परदेशी लोकांना तिथे राहून काम करायचा परवाना, मिळायला अडचण नाही, २०२५ साठी पगाराची अट वर्षाला ४८,३०० युरो होती आणि मला ६२,००० देतायत. आता हा आकडा ऐकून नातेवाईक लगेच शंभरने गुणतात आणि बासष्ट लाख म्हणतात, तर तो गुणाकार कृपा करून करू नका. महिन्याला येतात ५,१६७, त्यातून पेन्शन, आरोग्य विमा, बेकारी विमा आणि म्हातारपणीच्या शुश्रूषेचा विमा असे मिळून हजाराच्या वर जातात, नवऱ्याची कमाई नाही असं धरून टॅक्स कमी बसतो तरी साडेचारशे-पाचशे जातोच. हातात ३,६०० च्या आसपास. मुलीसाठी सरकार २०२५ मध्ये महिन्याला २५५ देत होतं ते धरा. तीन खोल्यांचं घर, म्हणजे आपलं टू बीएचके, आम्ही बघितलेल्या जाहिरातींत हीटिंग वगैरे धरून पंधराशेच्या घरात, वर तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढं डिपॉझिट, आणि बऱ्याच घरांना किचनच नसतं, ओटा-कपाटं-सिंक सगळं आपण लावायचं. सगळं वजा जाता शिल्लक राहते, नाही असं नाही, पण आज आम्ही दोघं मिळून पुण्यात जेवढं बाजूला टाकतो त्यापेक्षा फार जास्त नाही. पैशासाठी जाणं हे आमच्या बाबतीत तरी कारण होऊ शकत नाही. विम्याचं मात्र मला मनापासून पटलं, माझ्या एका हप्त्यात नवरा आणि मुलगी दोघंही फुकट येतात, आणि आजारी पडलं तर सहा आठवडे पूर्ण पगार.

धोका पण ह्याच पानावर लिहिलाय. तिथला गाड्यांचा धंदा सध्या सुखात नाही, बॉशनं सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी १३,००० नोकऱ्या कमी करणार असं जाहीर केलं, झेडएफ ह्या गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीनं त्याच्या आदल्याच वर्षी २०२८ पर्यंत १४,००० पर्यंत जागा कमी करायचं सांगितलं होतं. दोघांची मुळं त्याच भागात. बेकारी भत्ता मिळायला आधी बारा महिने हप्ते भरलेले लागतात, म्हणजे पहिलं वर्ष आपण उघड्यावर. हे मी नवऱ्याला पण नीट समजावून सांगितलं.

मुलीच्या पानावर मिळण्याची बाजू मोठी आहे. फी नाही, शाळेत पोरं चालत जातात, सात-आठ वर्षांची एकटी जातात, रस्ता ओलांडतात. आमच्या इथे सिंहगड रोडला मी तिला समोरच्या दुकानात सुद्धा पाठवत नाही. पण एक गोष्ट बाहेरून कळत नाही, तिथे चौथीनंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. जी पुढे युनिव्हर्सिटीला जाणार ती गिम्नाझियुमला, बाकीची रेआलशूल किंवा इतर शाळांत. नंतर वाट बदलता येते पण सोपं नसतं. म्हणजे आमच्या मुलीला शून्यातून जर्मन शिकून दीड-दोन वर्षांत त्या टप्प्याला पोचायचंय. नवीन आलेल्या मुलांसाठी भाषेचे तयारीचे वर्ग असतात, मुलं पटकन उचलतात, सगळं खरं. पण म्हणून "बघू दोन वर्षांनी" हा पर्याय आमच्याकडे नाही. पाचवीच्या तोंडावर तिला नेणं हा तिच्यावर अन्याय होईल, जायचं तर आत्ता. आणि शाळा बुडवून लग्नाला, दिवाळीला येणं हे तिथे चालत नाही, दंड होऊ शकतो. उन्हाळ्याची सुट्टी जुलैच्या शेवटापासून साधारण सहा आठवडे. त्यात जे बसेल ते.

नवऱ्याचं पान लिहिताना माझा हात जड झाला. अकरा वर्षांची प्रॅक्टिस. त्याचं काम म्हणजे वाटपाचे दावे, फेरफाराच्या तक्रारी, जुने सातबारे, वहिवाटीची भांडणं. लोक त्याच्याकडे हवेली-मुळशीहून कागदांची पिशवी घेऊन येतात आणि तो त्या पिशवीतून तीन पिढ्यांचा वाद सरळ लावतो. मी बघितलंय त्याला हे करताना, एक आजोबा होते, तलाठ्याकडचा उतारा आणि त्यांच्या वडिलांच्या हातची चिठ्ठी ह्यातल्या एका गट नंबरच्या घोळावर तो रविवारी दुपारभर बसला होता आणि सापडल्यावर त्याचा चेहरा कसा झाला होता ते मला आठवतं. ह्यातलं काहीही जर्मनीत चालत नाही. इथली सनद तिथल्या कोर्टात कामाची नाही. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून कुठलंही काम करता येतं, जर्मनची परीक्षा पण आधी लागत नाही, कागदावर सगळं मोकळं आहे. पण कुठलं काम? चाळिशीच्या तोंडावर तो भाषा शिकून एखाद्या कंपनीच्या काँट्रॅक्ट विभागात लागू शकेल, तीन-चार वर्षांनी. इतकी वर्षं ह्या जागेवर बायका होत्या. नवऱ्याच्या एच वन बीवर गेलेल्या, डिग्री कपाटात ठेवून घरी बसलेल्या कितीतरी जणी मी ओळखते, आणि त्यांना कुणी विचारलं सुद्धा नव्हतं. म्हणून मी ठरवलं की त्याला विचारायचं, तो बरं म्हणाला की विषय संपला असं करायचं नाही. त्यानं वेळ मागून घेतला. नंतर म्हणाला, कोर्टाची कामं मित्राकडे सोपवीन पण वकीलपत्रं काढून घेणार नाही, आणि दोन वर्षांत मला तिथे काही धड मिळालं नाही तर आपण परत यायचं, तेव्हा तू मुलीची शाळा मधे आणायची नाहीस. मी हो म्हटलंय. मला ते अवघड जाणार आहे हे मला माहितीये, तरी हो म्हटलंय.

आता सासूबाई. मुलगी पाच महिन्यांची असताना मी कामावर परत गेले ते त्यांच्या जिवावर. आज मी ज्या पदावर आहे त्यात त्यांची मेहनत आहे हे मी कुणालाही सांगेन. आणि सगळ्यात जास्त भरायचंय ते त्यांनाच. आम्ही विषय काढल्यावर त्या म्हणाल्या, "माझा विचार करू नका रे, तुम्ही तुमचं बघा." आपल्याकडे मोठी माणसं हे म्हणतात आणि पोरं ती परवानगी समजून तिकिटं काढतात. मला ते पटत नाही. माझा विचार करू नका म्हणजे मला विचारा, असंच असतं ते बहुतेक वेळा.

आधी त्यांना बरोबर न्यायचं बघितलं. मार्च २०२४ पासून कायदा बदललाय, त्यानंतर ज्यांना पहिल्यांदा परवाना मिळाला अशा कुशल कामगारांना आई-वडील आणता येतात, सासू-सासरे पण. हे वाचून आम्ही इतके खूश झालो होतो. मग अट वाचली, आरोग्य विमा पाहिजे. सरकारी विमा योजनेत पंचावन्नच्या पुढच्या माणसाला बाहेरून येऊन शिरता येत नाही जवळजवळ, आणि खासगी कंपन्या सत्तरीच्या, शुगर असलेल्या बाईला एक तर घेत नाहीत नाहीतर असा हप्ता सांगतात की माझ्या पगारात ते बसत नाही. दार उघडं ठेवलंय पण उंबरठा एवढा उंच. राहिला व्हिजिटर व्हिसा, १८० दिवसांत ९० दिवस. म्हणजे एका वेळी फार तर तीन महिने येऊ शकतात, ते सुद्धा तब्येत साथ देईल तोवर.

मग एका संध्याकाळी मी त्यांच्याशेजारी बसले, मटार सोलत होत्या त्या, आणि म्हटलं आई, तुमचं पान रिकामं आहे, तुम्हीच सांगा काय लिहू. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "फ्लॅट विकू नका. मी नाशिकला लेकीकडे कायमची जाऊन राहणार नाही, चार दिवस जाईन, पण राहणार ह्याच घरात, माझी भजनी मंडळाची माणसं इथे आहेत." आणि मग, "पोरीशी घरात मराठी बोला. नाहीतर फोनवर ती माझ्याशी काय बोलणार गं?" ह्या शेवटच्या वाक्यावर मला काही उत्तर देता आलं नाही, मी नुसती मान हलवली. दिवसभर जर्मन, ऑफिसात इंग्लिश, घरी थकून आलेले आम्ही, आणि त्यात रोज मराठी टिकवायची हे काम आहे, आपोआप होणारं नाही. पण त्यांनी मागितलेल्या गोष्टी खरंच देता येण्यासारख्या आहेत. फ्लॅट विकायचा नाही हे त्याच रात्री ठरलं. त्यामुळे तिथे घर घ्यायला हाताशी रक्कम राहणार नाही, नको राहू दे.

कराडचं पान. ह्या याद्यांमध्ये वहिनी कधीच नसते. लोक लिहितात "आईबाबांकडे भाऊ आहे" आणि पुढे जातात. बाबांच्या गोळ्या कोण देतं, आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाथरूमला हात धरून कोण नेत होतं? दादा दुकानात असतो, वहिनीच असते. मी पुण्यात असेपर्यंत निदान तीन-साडेतीन तासांत पोचते, दवाखान्याच्या वेळी मी रजा टाकते, वहिनीला रात्रीची झोप मिळते. मी गेले की ते सगळं तिच्यावर. मी तिला स्वतंत्र फोन केला, दादाला मधे न घेता. ती म्हणाली, "ताई, पैसे नका पाठवू, पैसे आहेत. दिवसभराची एक बाई लावून द्या, आणि दरवर्षी तुम्ही आलात की पंधरा दिवस मी माहेरी जाणार, तेव्हा घर तुम्ही बघायचं." मला वर्षाला ३० दिवस रजा मिळणारेय. कायद्यानं पाच दिवसांच्या आठवड्याला २० द्यावीच लागते, कंपनी ३० देते. त्यातले पंधरा कराडला, उरलेले सासूबाईंकडे. युरोप बघणं वगैरे जे लोक म्हणतात ते शनिवार-रविवारी जमलं तर जमलं.

नागरिकत्वाचा विषय दादानं काढला, जमिनीमुळे. जर्मनीनं जून २०२४ पासून दोन पासपोर्ट ठेवायला परवानगी दिली आणि पाच वर्षांत नागरिकत्व मिळू शकतं, पण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाहीच, तिथलं घेतलं की इथलं गेलं. नुसत्या २०२२ मध्ये २,२५,६२० भारतीयांनी ते सोडलं, तेव्हा लोक सोडतात हे खरंय. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं त्या ओसीआय कार्डावर येता-जाता येतं, मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं आलेली ठेवता येते, हे नवऱ्यानं दादाला समजावलं तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. मला स्वतःला पासपोर्ट बदलायचा नाही. ब्लू कार्डवर बी वन, म्हणजे मधल्या पातळीचं जर्मन आलं की २१ महिन्यांत कायमचा परवाना मिळतो, मला तेवढा पुरे.

तर सध्या असं आहे. सगळ्यांची पानं एकत्र ठेवली तर माझं आणि मुलीचं घेणारं, बाकी सगळ्यांचं देणारं. हे बघून मला रात्री झोप लागत नाही कधी कधी आणि तरीही मला जायचंय. दोन्ही खरं आहे आणि मी ते घरात सगळ्यांसमोर बोलले. फक्त आता ते काय देतायत हे मला माहितीये आणि त्यांनी बदल्यात काय मागितलंय ते पण लिहून ठेवलंय.

कंपनीला मी कळवलंय की एप्रिलमध्ये जॉइन होणार नाही, ऑगस्टमध्ये होईन. तिथली शाळा सप्टेंबरच्या मध्यावर सुरू होते, मुलीची इथली वार्षिक परीक्षा होईल, नवऱ्याच्या दोन दाव्यांचे पुरावे तोवर संपतील आणि कराडला बाई शोधून ती रुळेपर्यंत मी इथे असेन. त्यांनी ऑगस्ट मान्य केला तर आम्ही जातोय. नाही म्हणाले तर मी ही जागा सोडणार, तसं मेलमध्ये स्पष्ट लिहिलंय. नवऱ्यानं मॅक्स म्युलर भवनमध्ये जर्मनच्या ए वनच्या, म्हणजे पहिल्या पातळीच्या बॅचला नाव घातलंय, शनिवार-रविवारची आहे, आणि मुलीला पण जर्मन अक्षरं तोच शिकवतोय सध्या.