भाडं क्विंटलवर, भार ब्रेकवर

सोयाबीनच्या हंगामात गावातून बाजार समितीपर्यंतचं ट्रकचं भाडं क्विंटलवर ठरतं. भाड्याचा दर पडला की गाडीमालक पोती वाढवतो. भाड्याला किमान दर हवाच, आणि तो डिझेलसोबत बदलणारा हवा.

२०१८ मध्ये दोन ॲक्सलच्या सहाचाकी ट्रकची एकूण (गाडी आणि माल मिळून) वजनमर्यादा १६.२ वरून १८.५ टन झाली. जुन्या गाड्यांचे स्प्रिंगचे पाटे, ब्रेक मात्र तेच. त्यावरही जादा भरलं की उतारावर ब्रेकचे ड्रम तापतात, ब्रेक धरत नाही. दंड २० हजार, वर जादा टनामागे २ हजार.

आणि चालक? १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला ८ तासांची मर्यादा होती, पण ५ पेक्षा कमी कामगार असलेल्या मालकाला तो आपोआप लागू नव्हता. गावाकडं एक गाडी, एक चालक, पैसे फेरीवर. मग झोप मोडून पुन्हा स्टेअरिंग.