तुम्ही विचारलंत म्हणून: त्या निवेदनावर माझी सही का नाही

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमधमेश्वर पक्षी अभयारण्यातली मासेमारी पूर्ण बंद करा, गस्त वाढवा, दिसतील ती जाळी जप्त करा, असं एक निवेदन पक्षीमित्रांनी तयार केलं. नाशिकमध्ये दुर्बीण गळ्यात अडकवून फिरणाऱ्या जवळजवळ सगळ्यांची त्यावर सही आहे. माझी नाही. तेव्हापासून लग्नात, बँकेत, अगदी चुलतभावाच्या दहाव्याला गोदाकाठी उभी असतानासुद्धा मला एकच प्रश्न येतो: ‘ताई, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या? पक्ष्यांच्या की मासेमारांच्या?’

तोंडी सांगायला गेलं की माझं पहिलं वाक्य संपायच्या आत समोरच्याचं ‘पण’ येतं. म्हणून लिहून देते.

आधी मला जे मान्य आहे ते. तंगुसाची, म्हणजे नायलॉनच्या बारीक धाग्याची, जाळी वाईटच. पाण्यात ती दिसत नाहीत, रात्रभर लावलेली असतात आणि त्यात वारकरी नावाचे काळे पाणपक्षी, पाणकावळे, जांभळ्या पाणकोंबड्या अडकून मरतात. पहाटे एक तराफा पाण्यात सरकला तरी थापटे आणि तलवार बदकांचा अख्खा थवा उठतो. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी धरायची असते, ती अशा उठण्या-बसण्यात जाते. अभयारण्य १९८६ पासूनचं आहे. हे सगळं मला माहीत आहे. संपूर्ण बंदी मागणारं पत्र काही वर्षांपूर्वी मीच वर्तमानपत्राला लिहिलं होतं आणि त्याचं कात्रण हल्ली मलाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं जातं. त्या पत्रातलं पक्ष्यांबद्दलचं एकही वाक्य मी मागे घेणार नाही. मात्र त्या पत्रात नदीबद्दल एक अक्षर नव्हतं, आणि आजच्या निवेदनाशी माझं भांडण नेमकं तेच आहे.

मधे जे घडलं ते सांगते.

जानेवारीतली पाणपक्ष्यांची गणना होती. आम्ही खानगाव थडीच्या बाजूला होतो. निफाडची थंडी, धुकं इतकं की समोरचं बेट दिसत नव्हतं, त्यामुळे मोजणी सुरूच झाली नव्हती. काठाजवळ पाण्यात फडफड ऐकू आली. जाळ्यात दोन वारकरी होते, एक मेलेला, एक जिवंत. आमच्यात कॉलेजचा एक मुलगा होता, नुसत्या आवाजावरून पक्षी ओळखणारा, फार गुणी. तो चपला काढून गुडघाभर पाण्यात उतरला आणि खिशातल्या चाकूनं त्यानं भराभर दोरे कापले. जिवंत पक्षी सुटला, पाण्यावर पाय आपटत धुक्यात गेला. पण मुलगा थांबला नाही. पुढचं सगळं जाळं ओढत, कापत निघाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी ‘पुरे, बाहेर ये’ म्हणून दोनदा ओरडले. तो बाहेर आला तेव्हा जाळ्याच्या चिंध्या झाल्या होत्या.

जाळ्याची मालकीण तोवर काठावर पोचली होती. चाळिशीची बाई, डोक्याला मफलर, साडीवर पुरुषी स्वेटर. मला वाटलं आता शिव्या बसणार. तिनं आधी ते जाळं हातात घेऊन पाहिलं, मग मुलाला विचारलं, “जितं होतं ते कसं सोडवलं?” तो म्हणाला, कापून. “पायातला दोरा काढला का?” तो गप्प.

वारकऱ्याच्या पायाच्या बोटांना दोन्ही बाजूंनी पाळीसारखे पापुद्रे असतात, पोहण्यासाठी. दोरा त्या पापुद्र्यांच्या मागे रुततो. बाईनं मेलेला पक्षी उचलला, त्याचा पाय उलटा दुमडला, बोटं एकत्र मिटली आणि दोरा मागच्या मागे सरकवला. एकही धागा न तोडता पाय मोकळा झाला. “असं काढायचं. कापलं की दोरा पायात ऱ्हातो. पाय सुजतो, सडतो. मरंल ते आता चार दिसांनी.” आवाज चढलेला नव्हता. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “ताई, पाखरू सोडवलं ते बरं केलं. आमी बी सोडवतो. पर बाकीचं जाळं का कापलं? व्यापाऱ्याची उचल हाय माझ्यावर.”

तुमचं जाळं इथं असायलाच नको, हे उत्तर माझ्या तोंडावर होतं. कायद्यानं ते बरोबर होतं. मी ते दिलं नाही आणि त्याऐवजी विचारलं, इतकं बारीक जाळं का लावता? तिनं सांगितलं ते असं: पूर्वी इथं वाम, मरळ गावायची, मोठ्या घरांचं जाळं पुरायचं. आता निव्वळ चिलापी, तीही तळहाताएवढी. बारीक जाळं लावल्याबिगर काही लागत नाही. पाणवेलीत, म्हणजे जलपर्णीत, जाळं टाकलं तर वेल त्याला घेऊन जाते, म्हणून मोकळ्या पाण्यात टाकायचं. आणि मोकळं पाणी जिथं, तिथंच पाखरं.

माझी सही अडली ती इथं. पाणी नासलं म्हणून मोठे मासे गेले, ते गेले म्हणून जाळं बारीक झालं. पाणवेल पसरली म्हणून मासेमार आणि बदकं एकाच उघड्या पट्ट्यात आली. त्या जाळ्यातला मेलेला वारकरी हा या साखळीतला शेवटचा दुवा, आणि आपण निवेदन लिहिलं ते फक्त त्याच दुव्यावर.

पाणी कुठून येतं हे नाशिककरांना मी काय सांगू? गंगापूर धरणातून निघालेली गोदावरी शहरातून जाताना नासर्डी पोटात घेते, तपोवन आणि आगरटाकळीच्या मलनिस्सारण केंद्रांचं पाणी घेते, पुढे वालदेवीचं पाणी घेऊन आलेली दारणा येऊन मिळते. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात २१० मेगावॅटचे तीन संच कोळशावर चालतात, त्यांचं पाणीही याच नदीचं. चांदोरी-सायखेड्यापर्यंत पोचते तोवर तिच्यावर पाणवेलीची हिरवी चादर असते, आणि मग ती नांदूरमधमेश्वरात कादवेला भेटते. माझ्या नाशिकरोडच्या घरातलं सांडपाणीही त्यातच आहे. गोदावरीच्या प्रदूषणाची याचिका उच्च न्यायालयात २०१२ सालची. आता २०२७ च्या सिंहस्थासाठी रामकुंडातलं पाणी स्वच्छ करायची घाई आहे. रामकुंडाच्या खाली नदी कुठे जाते, याची कुणाला घाई नाही.

शिवाय पाण्याची पातळी. नांदूरमधमेश्वरच्या ब्रिटिश काळातल्या बंधाऱ्यातून कालवे कोपरगाव, राहात्याकडे जातात, जलद कालवा वैजापूर, गंगापूर तालुक्यांकडे. कालव्यांना आवर्तनाचं पाणी सुटलं की इथलं पाणी उतरतं, ऐन हंगामात. त्या तालुक्यांना पाणी नको असं मी म्हणू शकत नाही. पण पक्ष्यांसाठी किमान इतकी पातळी ठेवा, एवढं तरी निवेदनात यायला हवं होतं.

नांदूरमधमेश्वर २०१९ साली जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेलं, महाराष्ट्रातलं पहिलं. आपण सगळ्यांनी पेढे वाटले. त्या नोंदीत धोके म्हणून जलपर्णी आणि पाण्याचं व्यवस्थापन यांची नावं आहेत. त्याच नोंदीत देवळालीच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या एका चिमुकल्या माशाचाही उल्लेख आहे, अतिसंकटग्रस्त म्हणून. तो मासा वाचवा म्हणून आपल्यापैकी कुणी कधी निवेदन दिलंय? माशांकडे आपण पक्ष्यांचं खाद्य म्हणून बघतो, नाहीतर मासेमारांचा गुन्हा म्हणून. आणि रामसर कराराचा पायाच पाणथळीचा विवेकानं वापर हा आहे. माणसांना हाकलून द्या असं तो सांगत नाही.

तरीही मला ठाऊक आहे की इथं माझी बाजू लंगडी पडते. त्या धोक्यांत मासेमारीचं नाव असो वा नसो, ती निरुपद्रवी ठरत नाही. तोच मुलगा मला म्हणाला, “ताई, मासे इतके कमी झालेत, तर मग मासेमारी आणखीच थांबवायला हवी ना?” पटेल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

मी एक मधला रस्ता सुचवून पाहिला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेटांभोवतीचा पट्टा बंद, रात्रीची जाळी बंद, तंगूस बंद, आणि त्या चार महिन्यांत पाणवेल काढायचं काम मासेमारांनाच मजुरीवर. पक्षीमित्र म्हणाले, अभयारण्यात तडजोड नको. वस्तीवर ती बाई म्हणाली, “पावसाळ्यात मासा अंडी घालतो म्हणून बंद, हिवाळ्यात पाखरं म्हणून बंद. मग खायचं कवा?” आणि तारखाही आता भरवशाच्या नाहीत. २०१९ सारखा पाऊस द्राक्षबागा बुडवत नोव्हेंबरपर्यंत लांबला की सगळीकडे डबकी भरलेली असतात आणि बदकं इथल्या पाण्यावर उशिरा उतरतात. कॅलेंडर बघून पट्टा बंद करायचा, की पक्षी बघून?

लोक म्हणतात, मी त्या बाईच्या कहाणीनं विरघळले. विरघळले, खरं आहे. पण बाई तिथं आलीच नसती तरी हिशोब तोच राहिला असता. मासेमारांविरुद्धची मागणी आठवड्यात मान्य होऊ शकते, कारण त्यांच्या बाजूनं फोन करणारं कुणी नाही. शहराच्या सांडपाण्याविरुद्धची मागणी पिढीभर चालते. जी लढाई जिंकता येते तीच आपण लढतोय, आणि तिला पक्षीसंवर्धन म्हणतोय. मी त्या गटांत वाढले, तिथली माणसं माझी आहेत, म्हणून हे मला जास्त टोचतं.

निवेदनाचा सुधारित मसुदा परवा माझ्याकडे आला. सांडपाण्याचा मुद्दा त्यात आलाय, अगदी शेवटी, एका ओळीत. पाण्याच्या पातळीचा नाही. सांडपाणी आणि पातळी हे मुद्दे वर आणा, जाळ्यांचं कलम मासेमारांना समोर बसवून लिहा, मग मी सही करीन, असं कळवलंय. त्या कलमात रात्रीच्या जाळ्यांबद्दल काय लिहायचं, असं त्यांनी उलट विचारलंय. ते मलाही ठरवता आलेलं नाही.