तुम्ही विचारलंत म्हणून: सगळे कपॅसिटर एकदम का बदलत नाही?

जुना ऑसिलोस्कोप (विजेचा सिग्नल पडद्यावर रेघेनं दाखवणारा स्कोप) किंवा सिग्नल जनरेटर माझ्या टेबलावर उघडा पडलेला दिसला की बघणारा हमखास विचारतो, "एवढं मोजत काय बसलात? पॉवर सप्लायमधले सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर एकदम बदला आणि मोकळे व्हा." प्रश्न रास्त आहे. चाळीस-पन्नास वर्षांच्या यंत्रात बिघाड बऱ्याचदा पॉवर सप्लायमध्येच निघतो, आणि इलेक्ट्रोलिटिक, म्हणजे आत द्रव असलेले वीज साठवणारे कपॅसिटर, आतून सुकतात हेही खरं. तरी मी तसं करत नाही, कारण एकदा केलं होतं.

१०० मेगाहर्ट्झचा स्कोप होता, पडद्यावर रेघ येत नव्हती. दोन संध्याकाळी बसून मी २६ कपॅसिटर बदलले. जुन्या बोर्डावरचं तांबं उष्णतेनं पटकन सुटतं. चार पॅड, म्हणजे भाग जोडायच्या तांब्याच्या टिकल्या, उखडले आणि तिथे वायरीचे तुकडे जोडावे लागले. चालू केला तर रेघ नाहीच. मग मॅन्युअल उघडून एकेक रेल, म्हणजे सप्लायमधून निघणारी ठरावीक व्होल्टेजची वाट, मोजली तेव्हा कळलं, की रेलचं व्होल्टेज ठरवणाऱ्या ट्रिमरचा (पेचानं फिरवायच्या छोट्या रेझिस्टरचा) वायपर, म्हणजे सरकता स्पर्शक, आत टेकतच नव्हता. काढलेले कपॅसिटर नंतर मोजले, त्यातले २४ ठणठणीत होते. ते परत बसवता आले असते, पण उखडलेले पॅड कायमचे गेले. त्या चार जागा मला अजून डोळे मिटून दाखवता येतील.

या यंत्रांमधल्या रेल एकमेकींना धरून असतात. टेक्ट्रॉनिक्सचा ४६५ हा १९७० च्या दशकातला स्कोप घ्या. त्यात +११०, +५५, +१५, +५ आणि -८ व्होल्ट अशा रेल आहेत, आणि +५५ ची रेल बाकीच्यांचा संदर्भ आहे. ती घसरली की सगळ्याच आजारी दिसतात. अशा वेळी पाच ठिकाणी कपॅसिटर बदलणं म्हणजे एकाच्या तापासाठी सगळ्या घराला औषध देणं. म्हणून मॅन्युअलमध्ये कोणती रेल आधी तपासायची ते वाचायचं, आणि तो क्रम मोडायचा नाही.

आणि नुसतं मीटर लावून भागत नाही. समजा १५ व्होल्टच्या रेग्युलेटरच्या (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागाच्या) आधी मीटर २० व्होल्ट दाखवतंय. आकडा पाहून मन निवांत होतं, पण तो सरासरीचा आकडा आहे. व्होल्टेजचे चढउतार सपाट करणारा फिल्टर कपॅसिटर सुकला असेल, तर ५० हर्ट्झच्या मेन्सवर (भिंतीतल्या विजेवर) सेकंदाला १०० वेळा ते व्होल्टेज १६ पर्यंत खाली जाऊन येत असतं. रेग्युलेटरला स्वतःसाठी दोन-तीन व्होल्ट वर लागतात. तेवढे मिळाले नाहीत की प्रत्येक खड्डा तसाच पुढे रेलवर उतरतो. हे बघायला दुसरा, चालू स्कोपच हवा. त्याच्यावर खड्डा दिसला तर तो कपॅसिटर मी डोळे झाकून बदलतो. नाही दिसला तर त्याला हात लावत नाही.

टँटलम कपॅसिटरचं मात्र वेगळं आहे. मण्याएवढा हा कपॅसिटर सुकत नाही, बहुधा सरळ शॉर्ट होतो आणि अख्खी रेल खाली ओढतो. एका रेलवर असे दहा-पंधरा मणी बोर्डभर विखुरलेले असतात. एकेक काढून बघण्याची काहीच गरज नाही. यंत्राची पिन मेन्समधून काढलेली असताना मी त्या रेलवर बाहेरून बेंच सप्लाय (व्होल्टेज आणि करंट ठरवता येणारा टेबलावरचा सप्लाय) जोडतो. व्होल्टेज अर्ध्या व्होल्टच्या खाली, म्हणजे ट्रान्झिस्टरसारखं सिलिकॉनचं काही जागं होणार नाही, आणि करंटला साधारण एक अँपिअरची मर्यादा. मग मीटर मिलिव्होल्टवर ठेवून ट्रॅकच्या कडेनं चालायचं. शॉर्टच्या दिशेनं आकडा उतरत जातो: ३१०, २९६, २८८, २८१. त्यापुढे तो २८१ वरच थांबतो, कारण पुढे करंट जातच नाही. जिथे थांबला तिथल्या मण्यांवर अल्कोहोलचा एकेक थेंब सोडायचा. एकावरचा थेंब आधी उडून जातो, शेजारचे ओलेच राहतात. तो मणी काढला की रेल उभी राहते. हा क्षण मला दर वेळी तितकाच आवडतो.

न मोजता बदलावी अशी एकच गोष्ट माझ्या लेखी आहे: मेन्सच्या दोन तारांमध्ये बसवलेला जुना कागदी कपॅसिटर. त्याच्या पारदर्शक आवरणाला बारीक भेगा पडतात, आत दमट हवा शिरते, आणि कित्येक वर्षांनी यंत्र चालू केलं की काही मिनिटांत खोलीभर धूर होतो. भेगा दिसल्या की तो काढायचा आणि त्याच जागेसाठी प्रमाणित असलेला, म्हणजे एक्स वर्गाचाच, नवा बसवायचा. साधा फिल्म कपॅसिटर तिथे चालत नाही.

हात घालण्याआधी एक सांगतो, कारण विचारणाऱ्यांतले बरेच जण नवखे असतात. पिन काढली म्हणजे यंत्र मेलं असं समजू नका. ५०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १६० व्होल्टवर भरलेला असेल तर त्यात सहा ज्यूलहून जास्त ऊर्जा असते. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडू नका. दोन-अडीच किलोओहमचा जाडसर रेझिस्टर काही सेकंद लावून धरा, मीटरनं खात्री करा, आणि थोड्या वेळानं परत मोजा, कारण मोठ्या कपॅसिटरवर थोडं व्होल्टेज आपोआप परत उभं राहतं. पहिल्यांदा वीज देताना मी मेन्सला सिरीजमध्ये जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब लावतो. आत शॉर्ट असेल तर बल्ब लखलखीत पेटतो आणि यंत्र वाचतं. स्विचिंग सप्लायला (वीज वेगानं चालू-बंद करून व्होल्टेज बनवणाऱ्या सप्लायला) हा उपाय लागू पडत नाही. त्याला व्होल्टेज कमी मिळालं की तो जास्त करंट ओढतो, सुरू होतो, थांबतो, आणि बल्ब खोटी साक्ष देतो.

त्याहून जुन्या, व्हॅक्यूम ट्यूबच्या टेक्ट्रॉनिक्स स्कोपमध्ये भाग बोर्डावर नसून चिनी मातीच्या पट्ट्यांच्या खाचांत जोडलेले असतात. त्यांना थोडी चांदी मिसळलेलं सोल्डर लागतं. साध्या सोल्डरनं खाचेतला चांदीचा थर सुटून येतो. म्हणून बनवणाऱ्यांनी त्या सोल्डरची छोटी गुंडाळी यंत्राच्या आतच ठेवून दिली होती. पुढे कधीतरी कुणीतरी हे उघडेल आणि नीट दुरुस्त करेल, असं गृहीत धरून. अशा यंत्रातून सरसकट सगळं उपटून काढायला माझा हात धजत नाही.

दुरुस्ती झाली की मी झाकण लावून यंत्र दोन-तीन तास चालू ठेवतो, कारण उघड्यावर थंड असताना बरा वाटणारा भाग आतल्या उष्णतेत पुन्हा कुरकुरतो. मग सगळ्या रेल परत मोजतो आणि आकडे, तारीख, बदललेला भाग एका चिठ्ठीवर लिहून ती झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवतो. परवाच्या चिठ्ठीवर दोनच नावं होती: एक टँटलम आणि एक फिल्टर कपॅसिटर.