आधी मशागत, मग शेण

गेल्या शनिवारी तबेल्याबाहेरून लीद आणली. इकडे यॉर्कशरमध्ये घोडेवाले जुन्या पिशव्यांत लीद भरून रस्त्याच्या कडेला ठेवतात, शेजारी खडूनं लिहिलेली पाटी: ‘मॅन्युअर, फुकट’. फुकट म्हटल्यावर मी थांबणारच. चार पिशव्या डिकीत टाकल्या. त्यातली एक धड कुजलेलीच नव्हती, अजून कोमट लागत होती. घरी येईस्तोवर नवऱ्यानं ऐन थंडीत चारही काचा खाली केल्या.

अलॉटमेंटवरचे (म्हणजे भाजीपाला पिकवायला भाड्यानं मिळणाऱ्या जमिनीच्या तुकड्यावरचे) शेजारचे आजोबा मॅन्युअर म्हणत नाहीत, ‘मक’ म्हणतात. हा शब्द व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतून आलेला आणि तिथेही त्याचा अर्थ शेणच. मॅन्युअर मात्र शेणात जन्मलेला नाही. लॅटिनमध्ये ‘मानुस’ म्हणजे हात. हातानं काम करणं या अर्थाचं फ्रेंच क्रियापद नॉर्मन लोकांबरोबर इंग्लंडात आलं आणि इथे मॅन्युअर करणं म्हणजे झालं जमीन कसणं, वहिवाटणं. खत हा अर्थ त्याला सोळाव्या शतकात चिकटला. लष्करी डावपेचांचा ‘मनूव्हर’ हा त्याचा सख्खा भाऊ, फ्रेंचमधूनच पण बराच उशिरा आलेला. तो सैन्यात गेला, हा उकिरड्यावर.

मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’ या महाकाव्यात (1667) ॲडम ईव्हला सांगतो की बाग इतकी माजलीय, आपलं ‘मॅन्युअरिंग’ तिला पुरत नाही. कॉलेजात हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे डोक्यावर शेणाची पाटी घेतलेला ॲडम यायचा. बिचारा मशागतीबद्दल बोलत होता!

आणि आपली मशागत तरी काय? अरबी मशक्कत, म्हणजे कष्ट. इंग्रजांनी कष्टाचा शब्द शेणाला देऊन टाकला, आपण तो नांगरणी-कुळवणीपाशीच ठेवला. मला आपलं जास्त पटतं. चार पिशव्या ढकलगाडीतून वाफ्यापर्यंत नेल्यावर तर फारच.

ती कच्ची पिशवी कोपऱ्यात ओतून वर जुना गालिचा टाकलाय. आजोबांनी बजावलंय, गाजराच्या वाफ्यात ताजी लीद घालायची नाही, फाटे फुटतात. गेल्या वर्षी ऐकलं नव्हतं. तीन तंगड्यांचं एक गाजर निघालं, त्याचा फोटो आईनं अख्ख्या वाड्याला दाखवला.