फुकट? खरंच?

"याचे महिन्याला किती भरायचे?" टीव्हीवरचं लख्ख एचडी चित्र बघत भाचीने विचारलं. काहीच नाही म्हटलं, तर तिला पटेना. खिडकीला टेकवलेला चपटा अँटेना तिने उचलून उलटासुलटा करून पाहिला. तेवढ्यात चित्राचे चौकोनी तुकडे झाले, आवाज अडखळला, पडदा काळा!

पूर्वी सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या, पण बातम्या निदान ऐकू तरी यायच्या. डिजिटलमध्ये मधलं काही नाही. सिग्नल पुरेसा आहे तोवर चित्र स्वच्छ, त्याखाली गेला की गायब. टीव्हीचा सिग्नल ज्या यूएचएफ रेडिओ लहरींवरून येतो, त्यांची लांबी साधारण अर्धा मीटर, त्यामुळे वीतभर सरकवलं तरी फरक पडतो. (छपरावर लावला तर कटकट कमी, पण शिडी कोण चढणार?)

हवेतून फुकट येणाऱ्या चित्रावर एवढा संशय. दरमहा गुपचूप पैसे कापून घेणाऱ्या ॲपवर मात्र कुणालाच का येत नाही?